कॅसेटमधला बाबू

हौसा माझ्या क्लासात पहिल्यांदा आली ती भांडायला. राम आळीत माडीवर माझा टायपिंगचा क्लास होता आणि खाली बोर्ड लावलेला होता, महिलांसाठी दुपारची वेळ. ही बाई पदर खोचून जिना चढून वर आली. अंगाला बर्फाच्या कारखान्याचा तो ओलसर, नाकात जाणारा वास. म्हणाली, "दुपारी मी मिरकरवाड्याच्या बंदरात बर्फाची कुपनं फाडते. सुटते संध्याकाळी. मग मी महिला नाय काय?"

मी तसा तापट माणूस. सगळे मला तोंडावर आप्पा म्हणतात आणि पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. पण त्या दिवशी मला हसू आलं आणि मी तिला संध्याकाळच्या पोरांच्या बॅचमध्ये बसवली. पोरं कुजबुजली. दोन आठवड्यांत तिचा हात त्या सगळ्यांच्या पुढे गेला, मग कुजबूज थांबली.

कपाळाला ठसठशीत कुंकू, गळ्यात मंगळसूत्र. नवरा काय करतो विचारलं तर म्हणाली, "दर्यावर आहे." मी समजलो बोटीवर नोकरी असेल. आपल्याकडे घरटी एखादा असतोच तसा. खरी गोष्ट मला खालच्या पानवाल्याने सांगितली. तिचा नवरा बाबू ट्रॉलरवर खलाशी होता. नारळी पौर्णिमा झाली, बोटी बाहेर पडल्या, आणि हंगामाच्या सुरुवातीलाच त्यांचा ट्रॉलर वादळात सापडला. बरोबरच्या काही जणांचे देह पुढे कुठे कुठे किनाऱ्याला लागले, त्यांचे दिवस झाले, घरच्यांनी रडून घेतलं. बाबू लागला नाही. हौसा तेव्हा पोटुशी होती. मुलगी झाली, तिचं नाव गोदा.

बाबूची आई तुळसा. या म्हातारीने दिवस करू दिले नाहीत. भाऊबंद येऊन बसले, भटजीही म्हणाले की देह नसला तरी पळसाच्या पानांचा माणूस करून अग्नी देता येतो, शास्त्रात सोय आहे. तुळसा म्हणाली, "ज्याला मी निजलेला बगितला नाय, त्याला मेला कसा म्हनू?" त्यामुळे हौसाचं कुंकू राहिलं. तिला हळदीकुंकवाला बोलवायचं की नाही, हा वाडीतल्या बायकांना दर चैत्रात पडणारा प्रश्न होता. काही बोलवायच्या, काही तिला बघून दार लोटून घ्यायच्या.

बाबूचा फोटोही त्या घरात भिंतीवर नव्हता. एकट्या माणसाचा फोटो भिंतीवर गेला की बघणाऱ्याचा हात आपोआप हाराकडे जातो, असं तुळसेचं म्हणणं. लग्नातला एकच फोटो होता, दोघांचा, काचेच्या चौकटीतला. तो कापडात गुंडाळून पत्र्याच्या ट्रंकेत ठेवलेला. खाडीच्या तोंडाशी घर, जमिनीला कायम ओल. आपल्या हवेत ट्रंकेतल्या फोटोचं काय होतं ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको.

शहाऐंशी साली मला अवदसा आठवली आणि मी कॉम्प्युटर आणला. कीबोर्डएवढंच यंत्र, ते टीव्हीला जोडायचं आणि लिहिलेलं सगळं साध्या कॅसेटवर उतरवायचं, गाण्याची असते त्याच कॅसेटवर. फ्लॉपी वगैरे मुंबईवाल्यांचे चोचले. आमच्याकडे टेपरेकॉर्डर, त्याला एक वायर, आणि दर संध्याकाळी जाणारी वीज. बेसिक नावाच्या भाषेत प्रोग्रॅम लिहायचे. मी पुस्तक वाचून आदल्या दिवशी शिकायचो आणि दुसऱ्या दिवशी पोरांना शिकवायचो. पोरं चेंडू उडवायचे खेळ करायची. हौसाने मात्र एक दिवस विचारलं, "आप्पा, ह्यात माणूस काढता येतो?"

मी म्हटलं, "कसला माणूस?"

तिने पिशवीतून कापडात गुंडाळलेली चौकट काढली.

झालं होतं असं की गोदा आता शाळेत जायला लागली होती आणि तिथे कोणीतरी तिला विचारलं होतं, तुझे बाबा कसे दिसतात? पोरीने घरी येऊन आईला विचारलं. हौसाने ट्रंक उघडली तर फोटो काचेला चिकटलेला. खालून ओल चढत होती. तिची स्वतःची साडी, हात, सगळं करड्या डागांखाली गेलेलं, आणि बाबूच्या खांद्यापर्यंत बुरशी पोचलेली. चेहरा अजून होता. स्टुडिओवाल्याने चौकट उघडायला नकार दिला, म्हणाला सोलायला गेलो तर माणूस काचेवर राहील आणि कागद माझ्या हातात. वरूनच कॉपी काढून बघितली. कॉपीत बुरशीच ठळक आली आणि बाबू मागे पडला. कुठे बुरशी संपते आणि कुठे बाबू सुरू होतो, हे कॅमेऱ्याला कळत नव्हतं. तिला कळत होतं.

मी तो फोटो उजेडात धरून बघितला. मला तर डागच दिसले. तिने बोट ठेवून दाखवलं, हा भांग, ही भुवई, इथे गालाला खड्डा पडतो. मग मलाही दिसायला लागला. बरा होता दिसायला. थोडा हसत होता, फोटोवाल्याने हसू नका म्हटल्यावर माणूस हसतो तसा.

काचेवर ट्रेसिंगचा कागद धरून तिने तो चेहरा उतरवला आणि त्यावरून आलेखाच्या मोठ्या कागदावर घेतला. काळं असेल ते घर शाईने भरायचं, उजळ असेल ते सोडायचं. यात तिचे बरेच दिवस गेले. कारखान्यातून यायची, खिडकीपाशी बसायची आणि घरं भरायची. कधी कधी पेन हातात धरून नुसतीच बसून राहायची. मी पोरांवर ओरडायचो ते जरा हळू ओरडायला लागलो.

कागद पुरा झाल्यावर पुढची अडचण. एकेक घर कॅसेटवर उतरवायचं तर टेपची एक अख्खी बाजूही पुरली नसती, आणि टेप जितकी लांब तितक्या चुका जास्त. आपल्या दमट हवेत तर विचारूच नका. पुस्तकात यावर उपाय होता. एकसारखी घरं एकामागून एक आली की ती एकेक लिहायची नाहीत, किती आली तेवढा आकडाच लिहायचा. मी तिला हे फळ्यावर समजावायला लागलो. ती म्हणाली, "म्हणजे दसुतीसारखं. शाळेत भरतकामाच्या तासाला बाई असंच सांगायच्या. आठ सोडा, तीन भरा, परत पाच सोडा."

"अगदी तसंच," मी म्हटलं. त्या दिवसापासून आमच्या क्लासात या प्रकाराला आटवणं असं नाव पडलं. आंब्याचा रस आटवतात तसं चित्र आटवायचं. एक आकडा सोडलेल्या घरांचा, पुढचा भरलेल्या घरांचा, पुन्हा सोडलेल्यांचा. बस, एवढीच फाइल. तिने दोन प्रोग्रॅम लिहिले. एक चित्र आटवून कॅसेटवर लिहिणारा, दुसरा ते कॅसेटवरून वाचून पुन्हा पडद्यावर उलगडणारा.

तिच्यात काटकसर हाडीमासी मुरलेली. म्हणाली, "आप्पा, ओळ संपली हे तरी कशाला लिहायचं? ह्या ओळीच्या शेवटचं कोरं आणि पुढच्या ओळीच्या सुरवातीचं कोरं एकच तर आहे. एकत्र मोजते." त्यामुळे आकडे आणखी कमी झाले. खाली गळ्यानंतर सगळा कागद कोरा होता, तोही तिने गाळला. माणूस संपतो तिथे फाइल संपवली. पोरांना मी ती फाइल दाखवली आणि सांगितलं, बघा गाढवांनो, याला म्हणतात लिहिणं.

माझा एक नियम होता, लिहिलेलं वाचून बघितल्याशिवाय मूळ आवरून ठेवायचं नाही. म्हणून आम्ही मशीन बंद करून परत चालू केलं आणि टेप लावली. पडद्यावर वरून एकेक ओळ उतरायला लागली. आधी केस. मग कपाळ. मग भुवया आणि त्यांच्याखाली ते डोळे. मला वाटलं ही आता काही बोलेल. ती नाक, ओठ, हनुवटी येईपर्यंत अगदी ताठ बसली होती. सगळा आला. तिने पडद्याच्या काचेवर हात ठेवला, लगेच काढला आणि म्हणाली, "पुरे. बंद करा."

मी म्हटलं, "अगं, नीट बघ तरी."

"बघितला. एकदाच बस झाला. रोज बघितला तर मला कारखान्यात जायला होणार नाय."

पोरीला कधी आणतेस विचारलं तर ती चौकट कापडात गुंडाळायला लागली. दुसऱ्या दिवशी कळलं की तुळसेने मोडता घातला होता. बापाला पेटीत बघायचा नाही, घरी आला की बघेल, असं म्हातारीचं फर्मान. हौसाने वाद घातला नाही. दोन कॅसेटी केल्या, एक क्लासाच्या खोक्यात ठेवली आणि एक घरी नेली. मी विचारलं, घरी काय करणार? तिथे कॉम्प्युटर कुठे आहे? ती म्हणाली, "घरात असू दे. कधी तरी आये ऐकतील माझं."

घरी बाबूचाच टेपरेकॉर्डर होता. मस्कतहून आलेल्या कोणाकडून तरी घेतलेला, त्याच्या मोठ्या हौसेचा. म्हातारीने विचारलं, कसली कॅसेट? हौसाच्या तोंडून निघून गेलं, "ह्यात तुमचा बाबू आहे." सुनेची पाठ वळल्यावर तुळसेने ती लावली.

कॉम्प्युटरची कॅसेट साध्या टेपवर लावली तर काय ऐकू येतं ते ज्यांनी ऐकलंय त्यांनाच माहीत. आधी एक लांब शिट्टी आणि मग घरघर, किरकिर, मध्येच खंड, पुन्हा घरघर. आमच्या क्लासातली पोरं कान झाकून घ्यायची. तुळसा ते पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकत बसली. हौसा घरी आली तेव्हा म्हातारीचे डोळे वाहत होते. "वारा लागलाय गो त्येला," ती म्हणाली. "बोलतोय, पन वारा लई हाय. ट्रॉलर आला नाय तवा मी रेडिओला कान लावून बसलीवती, तवा पन असाच वाजत व्हता."

त्या दिवसापासून रोज दिवेलागणीला, देवापुढे दिवा लावून झाला की तुळसा कॅसेट लावायची. हौसाने तिला समजावून सांगितलं की हा आवाज नव्हे, हे त्याच्या तोंडवळ्याचे आकडे आहेत. म्हातारी म्हणाली, "तुजे आकडे तुज्यापाशी. मला माज्या पोराचा सूर कळतो." वाडीतल्या बायका आधी हसल्या, मग काहीजणी येऊन शेजारी बसायला लागल्या. गोदा तर त्या घरघरीवर झोपी जायची.

हे मला कळलं तेव्हा मी भडकलो. टेप झिजेल, रेकॉर्डर चावेल, आणि त्या म्हातारीला एवढी साधी गोष्ट कळत कशी नाही! हौसाने माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आप्पा, मला तो एकदा दिसला. त्यांना रोज ऐकू येतो. मी कसा बंद करू?"

मी पोरांवर ओरडायला निघून गेलो.

पुढच्या पावसाळ्यात उधाणाचं पाणी मिरकरवाड्यात घरांत शिरलं. दर काही वर्षांनी शिरतं. त्या वेळी जरा जास्तच शिरलं. हौसा कारखान्यात होती. घरात म्हातारी आणि पोर. तुळसेने एका हाताने गोदाला धरलं, दुसऱ्या हाताने टेपरेकॉर्डर डोक्यावर घेतला आणि वरच्या अंगाला देवळात जाऊन उभी राहिली. माणसं तांदळाचे डबे वाचवत होती आणि ही टेपरेकॉर्डर वाचवते म्हणून लोकांनी तिची टिंगल केली. खाटेखालची ट्रंक पाण्यात बुडून राहिली. फोटोही तिच्यात होता आणि ट्रेसिंगचा नि आलेखाचा कागदही नीट घडी घालून, सगळं एकत्र.

पाणी ओसरल्यावर हौसाने ट्रंक उघडली. काचेमागे करडा चिखल. ट्रेसिंगच्या कागदाचा लगदा, आलेखाच्या कागदावर शाई पसरून नुसता निळा डाग. तशीच ती धावत माझ्याकडे आली. मी म्हटलं घाबरू नको, आपल्याकडे दुसरी कॅसेट आहे. खोकं काढलं. पावसाळा सुरू झाल्यापासून ते कोणी उघडलं नव्हतं. आतल्या सगळ्या कॅसेटांवर पांढरी भुरी चढलेली. बाबूची कॅसेट मी स्पिरिटच्या बोळ्याने हलक्या हाताने पुसत होतो तर आत वेटोळं वेटोळ्याला चिकटलेलं. मशीनमध्ये लावली आणि ती तुटली. मी तिला परत जोडली, ती परत तुटली. हौसा बघत होती. मला त्या यंत्राला लाथ घालावीशी वाटली.

आता बाबू उरला होता फक्त म्हातारीच्या टेपरेकॉर्डरमध्ये. रोज वाजत होती म्हणून तेवढ्या एका कॅसेटला बुरशी लागली नव्हती.

तुळसा कॅसेट देईना. मशीन पुसून टाकील, या एका भीतीने ती हटून बसली. हौसाने किती विनवण्या केल्या ते मला माहीत नाही. पण एक दिवस दुपारी जिन्यात धापा टाकल्याचा आवाज आला आणि बघतो तो तुळसा वर आलेली. पदरात कॅसेट बांधलेली, मागे हौसा, तिच्या हाताला गोदा. मी खुर्ची पुढे केली. म्हातारी बसली नाही. "मी हितंच उबी ऱ्हाते," म्हणाली. "माज्या समोर लावा. पुसलीत तर बगा."

"पुसत नाही हो तुळसाबाई. फक्त वाचतो."

कॅसेट लावली. तिची ओळखीची घरघर सुरू झाली तशी म्हातारी जरा सैल झाली. पडद्यावर केस उतरले. कपाळ उतरलं. तिने हे कधी पाहिलंच नव्हतं. घरघरीबरोबर ओळी खाली येत होत्या. भुवया आल्या, आणि मग डोळे आले. तुळसा हुंदका देऊन म्हणाली, "बग गो गोदे, तुजा बाबा. बग कसा बगतोय." पोर आ वासून बघत होती. हौसाने तोंडावर पदर घेतला होता.

आणि मशीन अडलं. टेप मागे घ्या, म्हणालं. मी घेतली, पुन्हा तिथेच अडलं. कॅसेट काढून बघितली तर मध्येच टेपला चुणी. रोज रोज वाजवून रेकॉर्डरने त्या जागी चावलेली. शेवटी चूक आली तरी थांबू नको अशी सूचना यंत्राला देऊन टेप पुढे रेटली. मधला तुकडा गेला आणि पुढचं वाचलं गेलं.

साधं, न आटवलेलं चित्र असतं तर तेवढीच जागा कोरी राहिली असती. पण आटवलेल्या फाइलीत मधले काही आकडे गेले की पुढचं सगळं आपली जागा सोडतं. डोळ्यांच्या खाली चेहरा सरकला. ओठ एका कडेला तुटून गेले, हनुवटी दुसऱ्या कडेने आत आली, काळ्याचं पांढरं झालं. गोदा किंचाळली आणि आजीच्या मागे लपली.

"तोंड कुटं गेला त्येचा?" तुळसा मला विचारत होती. "ओ आप्पा, तोंड कुटं गेला?"

हौसाच म्हणाली, "आये, आहे तो. जागेवर आणायला हवा. मी आणते."

नंतरचे किती दिवस ती रोज बसत होती कुणास ठाऊक. काळ्या-पांढऱ्याची उलटापालट तिने लगेच दुरुस्त केली. मधे कोरी घरं घालून घालून ओठ आणि हनुवटी सरळ डोळ्यांखाली आणली. ते अवघड नव्हतं, डोळ्याला दिसतंच की ओळीखाली ओळ बसली की नाही. नाक आणि गालाचे खड्डे गेले ते गेलेच, तेवढी जागा कोरीच राहणार होती. पण ती कोरी जागा केवढी? किती ओळी गेल्या? डोळ्यांपासून ओठ किती खाली होते? ओळीचा शेवट लिहिलेला नव्हता आणि खालचा कोरा भागही लिहिलेला नव्हता, म्हणून बेरीज करून काढायची सोय नव्हती. ते फक्त तिला आठवायला हवं होतं.

तिने थोड्या ओळी घालून एक चेहरा केला, आणखी घालून दुसरा, आणखी घालून तिसरा. तोवर क्लासात प्रिंटर आला होता. तिने सगळे छापून काढले आणि खिडकीच्या दोरीवर ओळीने लावले. सगळ्यांचे डोळे बाबूचे, ओठ बाबूचे. पण एक पोरसवदा दिसत होता, एक लांबोडका, एक कोणी तिऱ्हाईत. मला तर प्रत्येक जण खरा वाटायला लागला. ती रोज येऊन त्यांच्यापुढे उभी राहायची. एखादा काढून टाकायची आणि दुसऱ्या दिवशी परत लावायची.

शेवटी तिने सासूला बोलावलं. तुळसा आली, दोरीपुढे गेली आणि एका क्षणात एकावर बोट ठेवलं. "ह्यो."

तो पोरसवदा होता. म्हातारीने मागे वळून बघितलं. "तुला काय वाटता?"

"आये, तुम्ही म्हणता तो लहानपणीचा वाटतो. तेव्हा मी कुठे बघितला होता त्यांना?"

"मग तुजा कुटला?"

हौसा या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत गेली. मग परत बघत आली. गोदा खुर्चीवर पाय हलवत बसली होती, ती म्हणाली, "आई, ह्यातले माझे बाबा कुठले?" हौसाने भिंतीला हात टेकला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "आप्पा, मला ओळखता येत नाय."

तुळसा तिच्याजवळ गेली. मला वाटलं आता ही सुनेला बोल लावणार. पण तिने अगदी हळू विचारलं, "उद्या तो दारात येऊन उबा ऱ्हायला, तर तू त्येला वळकशील काय गो?"

हौसा रडायला लागली. इतकी वर्षं मी तिला ओळखत होतो, पण तिला रडताना पाहिलं ते तेव्हाच. माझ्याही डोळ्यांना पाणी आलं. तुळसेने तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं आणि थोपटत राहिली. मग म्हणाली, "मी आज हाय, उद्या नाय. मी गेल्यावर त्येला वळकनारा कोन नाय. मग त्येनं यायचा तरी कोनासाटी? करून टाकूया त्येचे दिवस."

मी गेलो होतो तेव्हा. समुद्राच्या कडेला पळसाच्या पानांचा माणूस केला होता, डोक्याच्या जागी नारळ. तुळसेने वाकून त्या नारळावरून हात फिरवला, लहान पोराच्या डोक्यावरून फिरवतात तसा. ती रडली नाही. अग्नी दिल्यावर बायका हौसाला घेऊन बाजूला गेल्या, आणि परत आली तेव्हा तिचं कपाळ कोरं होतं. मला तिच्याकडे बघवेना. मी माझ्या चपला शोधत बसलो.

घरी भिंतीवर म्हातारीने निवडलेलाच फोटो लागला, चौकटीत घालून, हार घालून. नाकाच्या जागी कोरा कागद. गोदा शाळेत जाताना त्याला नमस्कार करते, असं हौसाने मला पुढे सांगितलं.

दिवस उरकल्यावर काही दिवसांनी ती क्लासात आली. नवी कोरी कॅसेट घेऊन आली होती. मला म्हणाली, "आप्पा, मशीन आज मला द्या. पोरांना उद्या बोलवा." मी पोरांना घालवलं. तिने एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. आटवण्याचा भाग त्यात नव्हताच. म्हातारीने निवडलेला चेहरा एकेक घर करून कॅसेटवर लिहायचा. काळं घर लिहायचं, कोरं घरही लिहायचं. ओळ संपली की ओळ संपली म्हणून लिहायचं.

मी म्हटलं, "अगं, एक बाजू पुरायची नाही. किती वेळ लागेल माहीत आहे का?"

"लागू दे."

टेप फिरायला लागली. ती रेकॉर्डरजवळ हात मांडीवर ठेवून बसली आणि ती घरघर ऐकत राहिली. कोऱ्या घरांचा आवाज सगळा एकसारखा येतो, कंटाळवाणा. तिने तोही ऐकला. वीज जाऊ नये म्हणून मी मनात देवाचं नाव घेत होतो. नाकाची कोरी जागा गेली, ओठ गेले, आणि खटका पडून रेकॉर्डर थांबला. एक बाजू संपली होती. हनुवटी अजून राहिली होती. हौसाने कॅसेट काढली, उलटी करून आत घातली आणि राहिलेला बाबू दुसऱ्या बाजूला लिहायला घेतला.